गुलामगिरीचा धडा पाचवी ते आठवीला कसा घ्यावा: सांगली-साताऱ्याकडच्या नव्या शिक्षकांसाठी

गुलामगिरी हा विषय आपल्या मुलांसमोर सरळ असा कमीच येतो. कधी जगाच्या इतिहासात दोन ओळी, कधी फुल्यांच्या किंवा आंबेडकरांच्या पाठात आडवाटेने एक उल्लेख. जहाजं, साखळदंड, अब्राहम लिंकन एवढं सांगून तो एका तासात उरकता येतो आणि बहुतेक ठिकाणी तसाच उरकतात. पण सांगली-साताऱ्याच्या वर्गात हा विषय सात समुद्रांपलीकडचा नसतो. गळीत हंगाम सुरू झाला की बीड, धाराशिव, जतकडच्या तोडकऱ्यांची पोरं आपल्या बाकांवर येऊन बसतात. उचल (आगाऊ घेतलेले पैसे), मुकादम (टोळी आणणारा), अंगावरची बाकी हे सगळं त्यांनी कोपीत, म्हणजे झोपडीत, झोपताना ऐकलेलं असतं. त्यांच्या शेजारी बसलेल्या एखाद्याच्या पणजोबांनी वेठ वाहिलेली असते, आणि त्याच्या मागच्या बाकावरच्याच्या वाड्यावर ती वाहून घेतलेली असते.

म्हणून माझा आग्रह एवढाच, की टाचण काढायच्या आधी हा धडा वर्गात सगळ्यात जास्त कुणाला लागेल ते ओळखा आणि त्या मुलाच्या जागेवर बसून तो आखा. मग कुठलं चित्र दाखवायचं आणि कुठला प्रश्न विचारायचा नाही, हे ठरवणं फारसं अवघड जात नाही.

१. पुस्तकाआधी वर्ग बघा

आठवडाभर आधी वर्गशिक्षकांशी बोला, आणि पोषण आहार शिजवणाऱ्या मावशींशी तर नक्की बोला. कुठलं पोर कुठल्या वस्तीवरून येतं, कोण कुणाशेजारी जेवायला बसत नाही, हे मावशींना आपल्यापेक्षा जास्त ठाऊक असतं. हंगामी आलेली मुलं कोण, कुणाचे आईवडील वीटभट्टीवर आहेत, रंगावरून किंवा आडनावावरून कुणाला चिडवलं जातं, एवढं समजलं तरी पुष्कळ झालं. हे सगळं डोक्यात ठेवा, टाचणवहीत नावानिशी लिहू नका. ती वही चार जणांच्या हातात जाते.

शिष्यवृत्तीचे अर्ज आले की भर वर्गात प्रवर्गाचं नाव घेऊन "उभे राहा रे" म्हणायची आपल्याकडे वाईट खोड आहे. ती खोड तुमच्या वर्गात चालू असेल तर आधी ती बंद करा. सकाळी जातीवर उभं केलेल्या मुलांना दुपारी समतेचा धडा दिला, तर पोरं तोंडावर गप्प बसतील, पण काय समजायचं ते समजतील.

२. तुमचा स्वतःचा अभ्यास

मुलांना सगळं सांगायचं नसलं तरी तुम्हाला पक्कं माहीत हवं. अटलांटिक महासागरापलीकडे चाललेला गुलामांचा व्यापार सोळाव्या शतकापासून एकोणिसाव्या शतकापर्यंत चालला. सुमारे १ कोटी २५ लाख माणसं आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून जहाजांत भरली गेली, आणि पलीकडे जिवंत उतरली ती सुमारे १ कोटी ७ लाख. मधली १८ लाख वाटेतच गेली. यातली बहुतेक ब्राझीलमध्ये आणि कॅरिबियन बेटांवर नेली. आज ज्याला आपण अमेरिका म्हणतो तिथे थेट उतरवलेली माणसं ४ लाखांच्या आत होती. सिनेमांमुळे आपल्या डोळ्यांसमोर फक्त कापसाची शेतं येतात, पण या व्यापाराला सगळ्यात जास्त माणसं लागली ती साखरेसाठी. आपल्या भागात धडा कुठून सुरू करायचा, याचं उत्तर या एका गोष्टीत आहे.

कायद्यांचे टप्पेही नीट लक्षात ठेवा. ब्रिटनने १८०७ मध्ये गुलामांचा व्यापार बंद केला; गुलामगिरी बंद करायचा कायदा व्हायला १८३३ उजाडलं. तेव्हा २ कोटी पौंडांची भरपाई देण्यात आली, आणि ती मालकांना. ज्यांनी आयुष्यभर फुकट राबून दिलं त्यांच्या हातावर काही पडलं नाही. उलट 'शिकाऊ' म्हणून आणखी काही वर्षं त्याच मालकांकडे काम करायची सक्ती झाली, ती १८३८ मध्ये संपली. आठवीच्या मुलांना ही एक गोष्ट सांगितली की न्याय-अन्यायावर वेगळं भाषण करावं लागत नाही. लिंकनच्या १८६३ च्या जाहीरनाम्याने फक्त बंडखोर राज्यांतले गुलाम मुक्त ठरले. संपूर्ण देशात गुलामगिरी संपली ती १८६५ च्या तेराव्या घटनादुरुस्तीने. ब्राझीलने १८८८ पर्यंत वेळ लावला. १८३३ च्या ब्रिटिश कायद्यातून ईस्ट इंडिया कंपनीचा मुलूख वगळलेला होता. आपल्याकडे १८४३ चा पाचवा कायदा आला, आणि माणसाची खरेदी-विक्री हा गुन्हा झाला तो १८६० च्या दंडसंहितेने.

आता सगळ्यात जास्त घोळ होतो ती गोष्ट. गुलामगिरी, वेठ, अस्पृश्यता, गिरमिट आणि कर्जापोटीची बिगारी या पाच वेगळ्या गोष्टी आहेत. एकमेकींना चिकटलेल्या आहेत, पण एक नाहीत. गुलाम ही कायद्याने मालकाची मालमत्ता. त्याला विकता येतं आणि त्याच्या पोटची पोरंही मालकाचीच. अमेरिकेतल्या व्हर्जिनियाने १६६२ मध्ये तसा कायदाच केला, की मूल आईच्या दर्जाचं. वेठीतला माणूस विकला जात नव्हता, पण गावकीचं काम त्याच्यावर जन्माने लादलेलं होतं आणि त्याची मजुरी मागायची सोय नव्हती. अस्पृश्यतेत श्रमासोबत स्पर्शाचाच विटाळ. गिरमिटात ठरावीक वर्षांचा करार. १८३४ पासून मॉरिशसला गेलेल्या अशा मजुरांत मुंबई बंदरातून गेलेली मराठी माणसंही होती. आणि कर्जापोटीच्या बिगारीत आधी घेतलेल्या पैशाने पुढची मेहनत बांधली जाते. १९७६ च्या कायद्याने ती बंद केली, आणि संविधानाच्या कलम २३ ने वेठबिगारीला मुळातच मनाई आहे. हे फरक तुमच्या मनात स्पष्ट असतील तर "मग आपल्याकडचं जास्त वाईट का त्यांचं?" या प्रश्नावर तुम्ही अडखळणार नाही. दुःखाची कुस्ती लावायची नाही, एवढंच त्याचं उत्तर.

३. कुठल्या इयत्तेला किती

तिसरी-चौथीला हा विषय मुद्दाम काढू नका. निघालाच तर सुटकेची गोष्ट सांगा आणि थांबा. पाचवी-सहावीला माणसाला विकलं जायचं, कुटुंबं तोडली जायची, लिहायला-वाचायला बंदी असायची आणि तरी लोक लढले, एवढं पेलतं. सातवी-आठवीला व्यापार, नफा, कायदे आणि आपल्या इतिहासातली बाजू आणा. अंगावर काटा आणणारे तपशील कुठल्याच इयत्तेला लागत नाहीत. साखरेच्या चरकाशेजारी कुऱ्हाड ठेवलेली असायची, कारण मजुराचा हात चरकात ओढला गेला तर तो तिथल्या तिथे तोडून उरलेला माणूस वाचवायचा. हे खरं आहे आणि तुम्हाला माहीत असावं. पण ज्या मुलाची आई रात्री दोन वाजता ट्रॉली भरते, त्याला ते का ऐकवायचं? स्त्रियांवरच्या लैंगिक अत्याचारांबद्दल आठवीतही "बायकांना स्वतःच्या शरीरावरही हक्क नव्हता" एवढंच वाक्य बास. मुली समजतात.

४. पहिला तास उसाचा

या तासाला वर्गात उसाचं एक कांडं आणि पात्यासकट वाढ्याचा एक तुकडा घेऊन जा. पात्याच्या कडेवरून बोट उलटं फिरवू द्या, हळूच. मग विचारा: एकर भर ऊस तोडायचा तर काय काय करावं लागतं? इथे जपून. "कुणाचे आईवडील तोडीला जातात?" असं विचारायचं नाही. प्रश्न कामाबद्दलचा ठेवा, माणसाबद्दलचा नको. तोडकऱ्याचं पोर बोलायचं असेल तर आपणहून बोलेल, आणि बोललं तर जाणकार म्हणून बोलेल. बुडख्यातून कोयता कसा घालायचा, शेंडा कुठे छाटायचा, मोळी कशाने बांधायची, पाचटात साप कसा लपतो, तोडलेला ऊस उन्हात पडून राहिला तर वजन कसं घटतं. बागायतदाराच्या मुलालाही यातलं अर्धं माहीत नसतं. गप्प बसणारं पोर फळ्याजवळ येऊन मोळीची गाठ दाखवतं, ते बघण्यासारखं असतं.

मग नकाशावर जमैका, बार्बाडोस आणि हैती दाखवा. तीनशे वर्षांपूर्वी युरोपात साखर महाग होती आणि मागणी वाढत होती. ऊस पिकत होता या बेटांवर. तोडलेला ऊस लगेच गाळावा लागतो हे आपल्या मुलांना शिकवावं लागत नाही, त्यामुळे हंगामात रात्रंदिवस काम का चालायचं, हेही पटकन कळतं. ते काम करायला माणसं हवीत, आणि मजुरी द्यायची नाही. मग माणसंच विकत आणली. एवढं सांगून थांबा आणि मुलांना विचारा, की इथे आज ऊस तोडणाऱ्यांत आणि तिथल्या माणसांत फरक कोणते. मुलं सांगतात: आपल्याकडे पैसे मिळतात, हंगाम संपला की गावी जाता येतं, पोरं विकत नाहीत. हे फरक मुलांच्या तोंडून येणं फार महत्त्वाचं आहे, कारण तोडकऱ्याच्या पोराला "म्हणजे आम्ही गुलाम" असं वाटून घरी जायला लागू नये. साम्यंही ती सांगतील. ती सांगू द्या, आणि फळ्यावर लिहा.

एक बारीक सूचना. "गुलाम" म्हटलं की पोरांना आधी पत्ते आठवतात आणि 'गुलामचोर' म्हणून हशा पिकतो. हसू द्या, रागवू नका. पहिल्या दहा मिनिटांनंतर ते आपोआप बंद होतं.

५. नकाशा आणि जहाज

दुसऱ्या तासाला फळ्यावर तीन बाजूंचा नकाशा काढा. युरोपातून कापड, बंदुका, दारू आफ्रिकेकडे. आफ्रिकेतून माणसं बेटांवर. बेटांवरून साखर, तंबाखू, कापूस युरोपकडे. बाण मुलांकडून काढून घ्या. आठवीला याच नकाशावर मुंबई दाखवा: १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध झालं, तिथला कापूस बंद पडला, आपल्याकडच्या कापसाचे भाव आभाळाला भिडले आणि मुंबईत पैशाचा पूर आला. युद्ध संपलं आणि १८६५ मध्ये तो फुगा फुटला. गुलामांच्या घामाचा कापूस आणि आपल्या शेतकऱ्याचा कापूस एकाच बाजारात होता, हे मुलांना इथे दिसतं.

'ब्रूक्स' नावाच्या गुलाम वाहणाऱ्या जहाजाचा आराखडा १७८८ सालचा आहे. गुलामगिरीविरोधी लोकांनी तो छापून वाटला होता. त्यात ४५४ माणसं ओळीने मांडलेली दिसतात. आठवीला तो दाखवायला हरकत नाही. त्याखालच्या वर्गांना मी फक्त जमिनीवर खडूने एक चौकोन काढून दाखवतो: ६ फूट लांब, १ फूट ४ इंच रुंद. प्रौढ पुरुषाला मिळणारी ती जागा. चौकोन रिकामा ठेवायचा. त्यात कुणाला झोपवून बघायचं नाही, कितीही मुलांनी हात वर केले तरी.

६. माणसं सांगा

गुलाम म्हणजे फक्त मार खाणारा, असं चित्र मुलांच्या डोक्यात राहिलं तर धडा वाया गेला. फ्रेडरिक डग्लस सांगा. लहान असताना मालकिणीने त्याला अक्षरं शिकवायला घेतली, मालकाने थांबवलं. मग तो खिशात पाव घेऊन रस्त्यावर जायचा आणि गरीब गोऱ्या पोरांना पाव देऊन त्यांच्याकडून शब्द शिकायचा. १८३८ मध्ये तो पळाला आणि पुढे अमेरिकेतला मोठा वक्ता झाला. या गोष्टीशेजारी आपली मुक्ता साळवे ठेवा. फुल्यांच्या शाळेत शिकलेल्या या मांग समाजातल्या मुलीने १८५५ मध्ये, चौदाव्या वर्षी, मांग-महारांच्या दुःखावर निबंध लिहिला आणि तो छापून आला. दोन देश, दोन मुलं, आणि दोघांच्याही हाती अक्षर पडू नये अशी व्यवस्था. ही जोडी सहावीच्या मुलांनाही भिडते.

हॅरिएट टबमन १८४९ मध्ये स्वतः निसटली आणि मग पुन्हापुन्हा मागे जाऊन सुमारे ७० जणांना घेऊन आली. हैतीत १७९१ मध्ये गुलामांनी उठाव केला आणि १८०४ मध्ये स्वतंत्र देश उभा केला. मुलांना हैती फार आवडतो, त्यावर वेळ गेला तर जाऊ द्या. अमेरिकेतला शेतीशास्त्रज्ञ जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर बऱ्याच मराठी घरांत ओळखीचा असतो. तो गुलामगिरीत जन्मला होता हे मात्र मुलं विसरलेली असतात.

मलिक अंबर घ्याच, पण तोलून घ्या. इथिओपियात जन्मलेला, लहानपणी विकला गेलेला आणि हात बदलत बदलत दख्खनेत आलेला हा माणूस निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला, खडकी शहर त्याने वसवलं आणि १६२४ च्या भातवडीच्या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूने लढले. गोष्ट जबरदस्त आहे. फक्त त्यावरून "आपल्याकडे गुलामांचं बरं चालायचं" असा निष्कर्ष पोरं काढतात. अंबर एक झाला. बाकीच्यांची नावंसुद्धा उरलेली नाहीत, हे त्याच तासात सांगा.

७. हे करू नका

गुलामांच्या लिलावाचं नाटुकलं करू नका. दात बघून, दंड चाचपून माणूस विकत घेत असत हे सांगितलं की आपली मुलं स्वतःच म्हणतात, "सर, खरसुंडीच्या यात्रेत खोंडाचे दात बघतात तसं." एवढं त्यांना सुचलं की समज पोहोचली, मग कुणाला बाकावर उभं करून बोली लावायची काय गरज? हात बांधणं, वर्गाचे मालक आणि गुलाम असे दोन भाग करणं, एका गटाला दिवसभर पाणी न देणं, असले प्रयोग कुठे कुठे 'अनुभवातून शिक्षण' म्हणून सुचवलेले दिसतात. त्यातून फक्त एवढं शिकायला मिळतं की वर्गात कुणाला छळायला परवानगी आहे. शिवाय शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने मुलाला मानसिक त्रास द्यायलाही बंदी आहे.

स्नेहसंमेलनात आफ्रिकी माणूस दाखवायला तोंडाला काजळ फासू नका. एका शाळेत बसवलेलं असं दृश्य मी पाहिलं. प्रेक्षकांत टाळ्या आणि हशा, आणि त्याच वर्गातला सावळा मुलगा पुढे महिनाभर त्या नाटकातल्या पात्राच्या नावाने ओळखला गेला. आपल्या वर्गात रंगावरून चिडवणं हा विषय जातीइतकाच हाडात भिनलेला आहे. हा धडा चालू असताना "काळ्या", "हबशी", "निग्रो" असं कुणी कुणाला म्हटलं तर तास तिथेच थांबवा. शिक्षा नको, पण माणसाच्या कातडीच्या रंगावरून त्याची किंमत ठरवायची खोड याच व्यापाराने जगभर पक्की केली, हे त्या क्षणी सांगितलं तर पुस्तकातल्या दहा ओळींपेक्षा जास्त पोहोचतं.

आणि कुठल्याही मुलाला त्याच्या समाजाचा वकील करू नका. "तू सांग बरं, तुमच्याकडे कसं होतं?" हा प्रश्न प्रेमाने विचारला तरी ते मूल वर्गाच्या मध्यावर उघडं पडतं. पारधी, रामोशी, कैकाडी, वडार मुलांच्या बाबतीत हे जास्तच जपावं लागतं. १८७१ च्या कायद्याने यांतल्या अनेक जमातींवर जन्मजात गुन्हेगार असा शिक्का बसला, तो ३१ ऑगस्ट १९५२ ला कायद्यातून गेला. गावाच्या बोलण्यातून अजून गेलेला नाही.

८. "सर, आपल्याकडे गुलाम होते का?"

हा प्रश्न येणारच. सरळ 'हो' म्हणा. पेशवेकाळातल्या कागदपत्रांत कुणबिणींच्या, म्हणजे दासींच्या, खरेदी-विक्रीच्या नोंदी आहेत; वाड्यांवर आणि सरकारी कामांवर त्या राबत. परकीय व्यापाऱ्यांनी इथून माणसं विकत घेऊन बाहेरही नेली. त्याच इतिहासात दुसरं पानही आहे: १६७७ मध्ये दक्षिण दिग्विजयाच्या वेळी शिवाजी महाराजांनी डच व्यापाऱ्यांना जो कौल दिला, त्यात माणसांची खरेदी-विक्री करायची नाही असं बजावलं. ही दोन्ही पानं वाचून दाखवा. एकच वाचलं तर एक बाजू चिडेल आणि दुसरी फुशारेल.

घरी गेल्यावर एखादे पालक "आमच्या इतिहासाला नावं ठेवता काय" म्हणून फोन करतील. तेव्हा आवाज चढवू नका. कागद काय म्हणतो तेवढंच सांगा, आणि आज वर्गात बसलेलं कुठलंही मूल तेव्हाच्या कुठल्याही गोष्टीला जबाबदार नाही, हे वर्गातही सांगितलंय म्हणून सांगा. आणि ते खरंच वर्गात सांगा. वाड्यातल्या मुलाला अपराधी वाटायला लावून गावकुसाबाहेरच्या मुलाचं काही भलं होत नाही.

आपल्या जिल्ह्यांत यापुढचा भाग शिकवायला पुस्तकाची गरजच कमी. जोतीराव फुल्यांचं मूळ गाव कटगुण, खटाव तालुक्यात. अमेरिकेतली गुलामगिरी संपल्यावर आठ वर्षांनी, १८७३ मध्ये, त्यांनी 'गुलामगिरी' लिहिलं आणि ते अमेरिकेतल्या गुलामगिरी नष्ट करणाऱ्या लोकांना अर्पण केलं. पुण्यात बसलेल्या माणसाला तिकडची लढाई आपली वाटली, हे मुलांना नकाशावर बोट ठेवून दाखवा. सावित्रीबाई खंडाळा तालुक्यातल्या नायगावच्या. भीमराव आंबेडकरांचं नाव ७ नोव्हेंबर १९०० ला साताऱ्याच्या सरकारी शाळेत दाखल झालं. ती शाळा म्हणजे आजचं प्रतापसिंह हायस्कूल.

आणि मसूरचं स्टेशन. १९०१ मध्ये खटाव तालुक्यात दुष्काळी कामावर रोखपाल असलेल्या वडिलांना भेटायला छोटा भीमराव, त्याचा भाऊ आणि भाचे साताऱ्याहून आगगाडीने मसूरला उतरले. अंगावर चांगले कपडे होते, स्टेशनमास्तर प्रेमाने बोलले. मुलांनी जात सांगितली आणि मास्तरांचा चेहराच बदलला. कुणी बैलगाडी देईना. शेवटी दुप्पट भाडं ठरलं, तेही मुलांनी गाडी हाकायची आणि गाडीवानाने बाजूने चालायचं या अटीवर. जेवण बरोबर होतं, पण रात्रभर प्यायला पाणी मिळालं नाही, म्हणून ते तसंच राहिलं. आंबेडकरांनी स्वतः हे लिहून ठेवलंय. पाचवीला हे सांगताना मी कुठलाही शब्द वाढवत नाही. त्या वयाच्या मुलांना तहान समजते.

याच्या पुढे कर्मवीर भाऊराव पाटील येतात: १९१९ मध्ये कराड तालुक्यातल्या काले गावी रयत शिक्षण संस्था, आणि साताऱ्याच्या वसतिगृहात सगळ्या जातींची मुलं एका पंगतीला. आठवीला कोल्हापूरचे शाहू महाराज जोडा. त्यांनी १९१८ मध्ये महार वतनं (गावकीच्या पिढीजात कामाच्या बदल्यात दिलेल्या जमिनी) रद्द केली. आपल्याकडे तसा कायदा व्हायला १९५८ लागलं.

९. मुलं अडवतील ते प्रश्न

"एवढे जण होते तर पळून का गेले नाहीत?" गेले की. जमैकात पळालेल्यांनी डोंगरात वस्त्या केल्या आणि १७३९ मध्ये इंग्रजांना त्यांच्याशी तह करावा लागला. पण पळणाऱ्यामागे कुत्री सोडत, आणि मागे राहिलेल्या पोराबाळांचं काय, हा प्रश्न असायचा.

"आफ्रिकेतल्या राजांनीच विकलं ना?" काहींनी विकलं. पण जहाजं, बाजार, मळे आणि पिढ्यान्पिढ्या गुलाम ठेवणारे कायदे ज्यांचे होते, त्यांचा वाटा त्याने कमी होत नाही.

"सर, माझ्या पप्पांनी मुकादमाकडून उचल घेतलीय. फिटली नाही तर पुढच्या साली पण यावं लागणार. मग ते काय?" हा प्रश्न सगळ्या वर्गासमोर आला तर उत्तर कायद्याचं द्या, कुटुंबाचं नको. उचल घेणं गुन्हा नाही. कर्जासाठी माणसाला डांबून ठेवणं, दुसरीकडे कामाला जाऊ न देणं हा १९७६ पासून गुन्हा आहे, आणि असं झालं तर दोष काम करणाऱ्याचा नसतो. "तुझे पप्पा गुलाम नाहीत" हे स्पष्ट शब्दांत म्हणा. मग तास संपल्यावर, इतरांपासून बाजूला, त्या मुलाशी बोला.

त्या बोलण्यात मारहाण, कोंडून ठेवणं, मुलांनाही कामाला जुंपणं असं काही निघालं, तर स्वतः मुकादमाला जाब विचारायला जाऊ नका. त्याचा राग कोपीवर निघतो. मुख्याध्यापकांना सांगा आणि १०९८ या मुलांसाठीच्या मदत क्रमांकाला फोन करा. मुक्त करण्याची जबाबदारी कायद्याने जिल्हाधिकाऱ्यांची आहे, तालुक्याला तहसील कार्यालयातून हालचाल होते. मुलाला "कुणाला सांगणार नाही" असा शब्द मात्र देऊ नका, कारण तो तुम्हाला पाळता येणार नाही.

१०. परीक्षा, वेळ आणि सहल

मुख्याध्यापकांना आणि शाळा व्यवस्थापन समितीला आधी दोन वाक्यांत कल्पना द्या, एवढं पुरे. परवानगीचं लांबण लावू नका.

परीक्षेत "गुलामांचे हाल तुमच्या शब्दांत लिहा" असला प्रश्न घालू नका. त्यापेक्षा: डग्लसने पाव देऊन शब्द का घेतले असतील? भरपाई मालकांना का मिळाली, आणि तुम्ही कायदा केला असता तर? मसूरच्या गाडीवानाने दुप्पट पैसे घेतले पण गाडी हाकली नाही, यावरून काय दिसतं? अशा उत्तरांना गुण देणं अवघड जातं खरं, पण वाचायला मजा येते.

वेळ म्हणाल तर ७ नोव्हेंबर विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो आणि २ डिसेंबर हा गुलामगिरी निर्मूलनाचा आंतरराष्ट्रीय दिवस. या दोन तारखांच्या मधला काळ बरा. दिवाळीची सुट्टी संपलेली असते आणि हंगामी मुलंही शाळेत रुळायला लागलेली असतात. फेब्रुवारी-मार्चवर ढकललात तर टोळ्या परतायला लागतात आणि ज्यांच्यासाठी एवढं आखलं तीच मुलं गैरहजर.

सहल काढायची तर सांगलीहून रेल्वेने मसूर, तिथून गाडीने सातारा आणि प्रतापसिंह हायस्कूल, एवढं एका दिवसात होतं. कटगुण आणि नायगाव त्यात कोंबू नका, ती वेगळी सहल. स्टेशनवर गट घेऊन थांबायचं तर आधी विचारून ठेवा. पाण्याची बाटली प्रत्येकाकडे हवी, आणि चार-पाच जादा तुमच्या पिशवीत. वर्गणीचं आधी मुख्याध्यापकांशी बोलून ज्यांना जमणार नाही त्यांची सोय करा, आणि "कुणाचे पैसे राहिलेत" ही यादी वर्गात वाचू नका.